मांडवाखालची मेंढरं

दिवाळी सरली की केरबाचा वाडा वैजापूरकडून निघायचा आणि पैठण रस्त्यानं गोदाकाठाला उतरायचा. वाडा म्हणजे दोन तट्टांवर लादलेला संसार, मेंढरं कोंडायची वाघराची जाळी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, एक कुत्रं आणि पुढं मेंढरं. घरात माणसं तीनच. म्हातारा केरबा, त्याचा मुलगा बिरू आणि सून बानाबाई. जमीन नाही, घर नाही, जे काय आहे ते चार पायांवर चालणारं. कळप आहे तोवर हे धनगर, कळप गेला की नाक्यावरचे मजूर, हे तिघांनाही न बोलता ठाऊक होतं.

वाट मात्र दर साली अरुंद होत चालली होती. चितेगावच्या शिवारात जिथं बिरूच्या लहानपणी मेंढरं दिवसभर चरायची, तिथं आधी तारेचं कुंपण आलं, मग भिंत, मग भोंगा. भिंतीआडून येणाऱ्या नाल्याच्या वासावरून कोणती कंपनी काय करते हे बिरू सांगायचा. एका नाल्याला कसलाच वास नव्हता आणि त्यालाच मेंढरं तोंड लावत नव्हती. शिट्टी वाजवणारे वॉचमन त्याच्यासारखेच खेड्यातले, पण अंगात खाकी चढली की माणूस आपल्या बापालाही दुसऱ्या फाटकानं जायला सांगतो.

त्या साली तात्यासाहेबांनी जीप थांबवून त्यांना हाक मारली. तात्यासाहेब जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या काळ्या रानात केरबा पंचवीसेक वर्षं मेंढरं बसवत आलेला. पाच-सात रात्री कळप शेतात बसवायचा, लेंड्या आणि मुतानं रान सकस करायचं, बदल्यात जोंधळा घ्यायचा आणि पुढच्या शेताला लागायचं, असा तो व्यवहार. आता त्या रानात जोंधळा नव्हता. तारांवर चढवलेला द्राक्षाचा मांडव होता, आणि टोकाला पांढऱ्या चुन्याची लांबलचक शेड होती. शेडमध्ये वाईन होणार होती.

"बिरू, ह्या वर्षी जरा जास्त थांबा," तात्यासाहेब म्हणाले. "वेरूळ-अजिंठा बघायला गोरे लोक येतात ना, त्यांची बस इकडं आणतोय. बाग बघतील, वाईन पितील, जेवतील. खाली मेंढरं चरताना दिसली पाहिजेत. शहरातल्या हॉटेलवाल्यानं खास सांगितलंय."

"मेंढरं बघाया येत्यात व्हय?" बिरूनं विचारलं.

"सगळंच बघायला येतात. तुला काय, सावली आहे, पाणी आहे, चारा फुकट."

चारा फुकट हे शब्द ऐकायला बिरूला किती वर्षं लागली होती. त्यानं बापाकडं बघितलं. केरबा तट्टाच्या पाठीवरची दोरी उगाच आवळत होता.

"किती दिस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"पाव्हणे येईपर्यंत."

सुरुवातीचे दिवस सोन्याचे गेले. मांडवाखाली दुपारीसुद्धा गारवा. ठिबकच्या नळीजवळ उगवलेलं हिरवं गवत, आणि वरून बायका कोवळे शेंडे, जादा पानं खुडून खाली टाकायच्या तो पाला. मेंढरं मान वर न करता खायची. बानाबाईला पाण्यासाठी कोस तुडवावा लागत नव्हता. पहिल्यांदाच तिच्या टाचांच्या भेगा मिटल्या. तिनं त्या बिरूला दाखवल्या आणि दोघं हसली.

बागेत औषध मारायचं काम फकिराकडं होतं. हा चितेगावचा, बिरूच्याच वयाचा, पाठीवर पितळी पंप घेऊन दिवसभर मांडवाखालून वाकून चालणारा. मोरचूद आणि चुना कालवून फवारायचा, त्यामुळं त्याचे हात मनगटापर्यंत निळे. जेवतानाही निळे. त्याची बायको म्हणे त्याला भाकरी ताटात देत नसे, हातावर देई, म्हणजे ताट तरी वाचलं.

"बिरूभाऊ, कालच मारलंय ह्या वळीला," फकिरा म्हणाला. "पाला घालू नको रे. इखारी असतंय ते. डब्यावर कवटी काढलीय."

बिरू हसला. "मोरचूद इखारी? आरं, मेंढराची खुरी सडली तर आमी मोरचुदाच्या पान्यात उभं करतो. पोटात जंत झाले तर चिमूटभर पाजतो. माझ्या आज्यापासून चालत आलंय. मोरचूद म्हंजे आमचा डाक्टर."

"चिमूटभर येगळं."

"पानाला तरी किती लागतंय? चिमटीएवढंच. खाऊ दे. जंत मरतील फुकटात."

आणि खरंच, खोकणारी मेंढरं खोकायची थांबली. लोकर चकाकायला लागली. बिरू निळसर डाग पडलेला पाला मुद्दाम निवडून आजारी जनावरांपुढं टाकायचा, आणि फकिराला बोलावून दाखवायचा. फकिरानं पुढं सांगणं सोडून दिलं. दुसऱ्याच्या धंद्यात किती नाक खुपसायचं?

पाव्हणे काही येईनात. डिसेंबरात येणार म्हणून तात्यासाहेबांनी शेडपुढं फरशी घातली, कुडाची झोपडी उभी केली, लाकडी हौद करून घेतला. हौदात द्राक्षं टाकून पाव्हणे पायांनी तुडवणार होते. बिरूला लाल पटका आणला. टेरिकॉटचा शर्ट घालायचा नाही, असं बजावलं. बानाबाईची चूल शेडपासून दूर हलवली, कारण धूर वाईनला लागतो. मग झोपडीत दिसायला चूल पाहिजे म्हणून तिथं नवी मातीची चूल घातली, आणि ती कुणी पेटवायची नाही असं ठरलं. बानाबाई त्या कोऱ्या चुलीकडं बघायची आणि आपल्या तीन दगडांवर भाकरी थापायची.

वाईनचं लायसन्स अडकलं, मग सुटलं. मग शहरातलं वातावरण तापलं. विद्यापीठाच्या नावाचा इतकी वर्षं चाललेला झगडा शेवटाला आला होता. रस्त्यावर जागोजागी पोलीस, एसट्या कधी बंद कधी चालू. हॉटेलवाल्याचा निरोप आला की बसगाड्या इतक्यात नाहीत. संक्रांतीला नाव जाहीर झालं. त्या दिवशी फकिरा कामावर आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा कपाळाला गुलाल होता आणि घसा बसला होता.

"गेलतो," तो बिरूला म्हणाला. "विद्यापीठाच्या कमानीपाशी. माझा थोरला भाऊ ह्याच्यापायी मार खाऊन आला होता, तवा मला मिसरूडबी फुटलेलं नव्हतं. त्याला खांद्याला धरून नेला. लई रडला."

"झालं ना पर मनासारखं?"

"झालं. आर्धं झालं, जुनं नावबी मागं ऱ्हायलंच, पन झालं."

तात्यासाहेब शेडच्या दारातून ओरडले, "फकिरा, मिरवून झालं असेल तर पंप उचल. धुकं पडलंय, केवड्याचा रोग येईल बागेवर." फकिरानं गुलाल पुसला नाही. पंप उचलला आणि गेला. धुक्यानं त्या महिन्यात फवारण्याही वाढल्या.

केरबाचं मन बागेत रमत नव्हतं. सांजेला तो कळपाभोवती फिरून एकेकाच्या पाठीवर हात ठेवायचा.

"बिरू, पाय हलवू आता. पाच रातीचं रान आपन दोन महिनं धरून बसलो."

"आबा, भायेर चारा कुठं हाय? पैठनपतुर भिंती झाल्या."

"नदी हाय."

"नदीकाठी गव्हू. कोन उभं करंल?"

"मेंढरू एका जागी बसाया जल्मलेलं नाय रं. खातंय, पर नदर बघ त्याची. मंद झालीय."

बिरूला नजर मंद दिसत नव्हती. त्याला पोटं भरलेली दिसत होती. ज्यानं सतरा ठिकाणी शिव्या खाऊन कळप पोसला, त्याला भरलेल्या पोटापलीकडं काही दिसत नाही. बानाबाई सासऱ्याच्या बाजूची होती, पण तिच्या टाचा बऱ्या झाल्या होत्या आणि ती गप्प राहिली. ह्या गप्प राहण्याचं तिला पुढं फार लागलं.

तरी बिरू एकदा तात्यासाहेबांकडं गेला. निघतो म्हणाला.

"आत्ता?" तात्यासाहेबांनी डोक्याला हात लावला. "अरे, रंगीत कागद छापलेत. मांडव, मेंढरं आणि तू. आजवर तुमच्या वाड्याला ह्या रानातून कधी हाकललं का? मग तू असा ऐन वेळी तोंड फिरवणार?"

माणूस हाकलून द्यायला लागला तर धनगराला उत्तर देता येतं, जन्मभर त्याचीच सवय. कुणी थांब म्हणालं तर काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. बिरू परत आला.

फेब्रुवारी संपता संपता बस येणार हे पक्कं झालं. हॉटेलवाल्याला आणखी एक कल्पना सुचली. पाव्हण्यांपुढं लोकर कातरायची.

कातरणीचा दिवस धनगराच्या घरी सणासारखा असतो. आदल्या दिवशी मेंढरं पाण्यात धुवायची, भावकीतले कातरणारे येतात, भंडारा उधळला जातो, सगळ्यांना गोडधोड होतं. कातरायचं ते सकाळच्या गारव्यात, जनावराला गोंजारत. इथं भावकीला निरोप गेला नाही, कारण तात्यासाहेबांना गर्दी नको होती. मेंढरं सकाळीच फरशीवर जाळीत कोंडली. पाणी पाजायचं नाही, पाजलं की फरशी घाण होते. बस दहाला येणार होती, ती दुपार कलल्यावर आली.

तोवर मेंढरं उन्हात एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून धापा टाकत होती. बिरू लाल पटका बांधून उभा. केरबा जाळीशी बसून होता, त्यानं दोनदा घागर आणली आणि हॉटेलवाल्यानं पाठवलेल्या मॅनेजरनं दोनदा परत पाठवली.

पाव्हणे उतरले. वयस्क, तांबडेलाल, घामेजलेले, स्वभावानं गरीब वाटणारे. त्यांनी हात जोडून नमस्कार केला. पाय धुऊन हौदात उतरले आणि लहान मुलांसारखे द्राक्षं तुडवू लागले.

"पायानं तुडिवल्यालं पित्यात," बानाबाई सासऱ्याला हळूच म्हणाली, "आन् आपला धूर मातर लागतोय."

एका बाईनं केरबाचं घोंगडं चाचपून बघितलं आणि आपल्या हातातला प्याला त्याला देऊ केला. म्हाताऱ्यानं पाव्हण्याचा मान म्हणून घोट घेतला. गडद लाल, आंबट, तुरट. तो थुंकला नाही. गिळून टाकला आणि घोंगड्याच्या काठानं तोंड पुसलं.

मग बिरूनं कातर घेतली. पहिलं मेंढरू आडवं केलं तेव्हाच त्याच्या हाताला कळलं की ते नेहमीसारखं झटापट करत नाही. दुसरंही तसंच. टाळ्या वाजत होत्या, फोटो निघत होते. मॅनेजर आणखी एक, आणखी एक म्हणत होता. बिरू कातरत राहिला. संध्याकाळी बस गेली तेव्हा तात्यासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "झकास." त्या शब्दानं बिरूला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी मेंढरं उठली नाहीत. काही उठली ती मान टाकून उभी राहिली. बानाबाई लेंड्या लोटायला गेली आणि झाडू टाकून परत आली.

"अवो, हिकडं या."

एक मेंढी मुतत होती. बिरूनं बघितलं, खाली वाकून पुन्हा बघितलं. काल पाव्हण्यांच्या प्याल्यात होता तोच रंग जमिनीवर पसरत होता. बिरूनं मेंढीची पापणी उलटी केली. डोळा हळदीसारखा पिवळा.

संध्याकाळपर्यंत पहिलं मेलं. मग रांगच लागली. केरबानं बिरोबाचा भंडारा कळपावर उधळला, पिवळ्या अंगांवर पिवळा भंडारा. बिरूला एकच औषध माहीत होतं. तो फकिराकडं गेला.

"मोरचूद दे रं थोडा. पोटात कायतरी झालंय."

फकिरानं पंप खाली ठेवला. "नाय देत," तो म्हणाला. "बिरूभाऊ, मी सायकल काढतो. बिडकीनला जनावरांचा डाक्टर हाय, त्याला आनतो. तोवर कायबी पाजू नको. माझी आन हाय."

डॉक्टर तरुण होता, दमलेला होता, मोटारसायकलवरून उतरल्या उतरल्या त्यानं मेलेलं मेंढरू फाडायला घेतलं. आतलं काळीज, म्हणजे यकृत, पिवळंजर्द निघालं, मूत्रपिंडं काळीठिक्कर. त्यानं हात धुतले, मांडवाकडं बघितलं, पानांवरचे निळे डाग बघितले.

"पाला किती दिवस खात होती?"

"दिवाळीपसून."

"मोरचुदात तांबं असतं. मेंढराला ते सोसत नाही. थोडं थोडं काळजात साठत जातं. वरून जनावर चांगलं दिसतं. मग एखाद्या दिवशी उन्हात कोंडलं, घाबरवलं, की सगळं एकदम रक्तात उतरतं." तो थांबला. "काल काही झालं होतं का?"

तात्यासाहेब फरशीकडं बघत होते.

"सायेब," बिरू म्हणाला, "मोरचूद तर औषध हाय. माझा आजा पाजायचा."

"आजा पाजून पुढच्या गावाला जायचा ना?"

डॉक्टर रागानं बोलला नव्हता. पण तो निवडून घातलेला पाला बिरूला एकेका पानासकट आठवत होता. फकिरा जवळच उभा होता. सांगितलं होतं तुला, असं तो म्हणाला असता तर बिरूला सोपं गेलं असतं. तो म्हणाला नाही. आपले निळे हात पाठीमागं धरून उभा राहिला.

आठवडाभरात वाड्याचा आवाज गेला. मेंढरांच्या बें-बें आवाजाशिवाय झोप न येणारी ती तीन माणसं उघड्या डोळ्यांनी पडून राहू लागली. बागेच्या टोकाला जेसीबीनं खड्डा केला. उरली ती पाच मेंढरं, उशिरा जन्मलेली, ज्यांनी आईचं दूध जास्त आणि पाला कमी खाल्ला होता, आणि एक म्हातारी मेंढी, जिला दातच नव्हते.

तात्यासाहेब खड्ड्यापाशी आले. बुजवताना उभे राहिले. माणूस दुष्ट नव्हता. त्याचंही ह्या बागेत सगळं अडकलेलं होतं आणि त्याला झोप लागत नव्हती.

"बिरू, झालं ते वाईट झालं. मी नवी मेंढरं आणतो. माझी. तू राख. महिन्याला पगार घे. मेंढरं पाल्यापासून लांब ठेवू, बस येईल तेव्हाच मांडवात आणायची."

"दुसऱ्याच्या मेंढरांची पगारी राखुळी," केरबा म्हणाला. एवढंच.

त्या दुपारी तिघं तीन दगडांच्या चुलीभोवती बसली. बानाबाई म्हणाली, "उरली ती घिऊन माझ्या भावाकडं जाऊ. वैजापूरला. त्येच्या कळपात मिसळू."

"सा मेंढरांवर तीन मानसं?" बिरू म्हणाला. "तू आन् आबा जा. मी ऱ्हातो. साल-दोन साल. मग चार-चार घेत जाऊ."

"त्या मेंढरांपाठी लाल पटका बांधून?"

"नाय. पटका देतो परत. फकिरा पंप शिकवतोय."

बानाबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग ती उठली आणि जाळी गुंडाळायला लागली. तिच्या टाचा पुन्हा फुटायच्याच होत्या. केरबा बसल्या जागी रडत होता. त्यानं डोळे पुसले नाहीत, कुणी त्याला पुसायलाही सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी दुसरी बस आली. कधी येणार हे कुणी बिरूला सांगितलं नव्हतं. तो पंप पाठीवर घेऊन मांडवाखाली होता, पहिल्या पंपातच हात निळे झाले होते. पलीकडच्या वाटेनं बानाबाई तट्टांचे लगाम धरून निघाली होती, तिच्यामागं केरबा आणि ती सहा मेंढरं. बिरूनं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण पुढच्या ओळीतला फकिरा काही विचारता झाला आणि बिरूनं त्याला उत्तर दिलं. तेवढा आवाज पुरला. वाटेवरची मेंढरं थबकली, वळली आणि केरबाच्या काठीला न जुमानता सरळ मांडवाकडं धावत सुटली. दात नसलेली म्हातारी सगळ्यांच्या पुढं.

फरशीवरचे पाव्हणे आनंदले. कॅमेरे वर झाले.

"वा," तात्यासाहेब लगबगीनं पुढं आले. "बिरू, बोलव त्यांना आत. एक हाक मार. फक्त फोटोपुरतं."

ओल्या पानांवरून निळं पाणी ठिबकत होतं. मेंढरं पहिल्या खांबापाशी पोचली होती, म्हातारीनं मान वर करून पाल्याचा वास घेतला.

बिरू वाकला आणि ढेकूळ उचललं. जन्मात त्यानं आपल्या मेंढरावर हात उगारला नव्हता. ढेकूळ म्हातारीच्या पाठीवर फुटलं. ती हलली नाही, नुसती त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं दुसरं मारलं, मग दगड मारला. तोंडातून शब्द काढायचा नव्हता, काढला असता तर ती आणखी जवळ आली असती. तो दात आवळून मारत राहिला. फकिरा धावत आला आणि मुकाट्यानं तोही मारायला लागला.

मेंढरं फुटली. बानाबाईनं हाळी घातली, तिकडं वळली. म्हातारी शेवटी लंगडत गेली, दोनदा मागं बघून.

पाव्हण्यांनी कॅमेरे खाली घेतले होते. एक बाई तात्यासाहेबांना काहीतरी रागानं विचारत होती. तात्यासाहेब तिला हसून समजावत होते की हा आमचा धनगर नाही, हा औषध मारणारा आहे.

बिरूनं पंपाचा दांडा धरला आणि ओळ पुरी करायला घेतली.